पूजेत मांडलेला खून

१

हरिभाऊ डेहनकरांचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. पित्ताशयातले खडे निघाले, हरिभाऊ शुद्धीवर आले आणि आल्या आल्या त्यांनी चहा मागितला.

वरचा मजकूर वाचला असेल तर विसरून जावा. असलं काहीही घडलेलं नाही. खडे हरिभाऊंच्या पोटात आहेत, हरिभाऊ देवळीत आहेत, दसऱ्याची सकाळ आहे, आणि शेजारच्या प्रभाकररावांच्या बैठकीत, कालच्या पूजेसमोर, प्रभाकररावांची मुलगी प्रेरणा मांडी घालून बसली आहे. तिच्या हातात डबीसारखं उघडणारं, दोन पडद्यांचं एक यंत्र आहे. काल सकाळपर्यंत त्याच्या पडद्यावर 'पुढे चालू' अशा अर्थाचं इंग्रजी यायचं. आज नुसतंच 'नवा खेळ' येतं आहे.

दीपगृहातला खून, पळून गेलेला साक्षीदार, महिनाभराचा तपास, आणि शेवटच्या अध्यायाच्या उंबरठ्यावर एक पाय टाकून उभा असलेला डिटेक्टिव्ह, सगळं पुसलं गेलं होतं.

प्रेरणानं यंत्र मिटलं. तिनं आरडाओरडा केला नाही. देवळीच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, त्यामुळे ओरडायचं ते पगारी दिवशीच, असा तिचा नियम होता.

"या यंत्राले कोणी हात लावला?" तिनं एवढंच विचारलं.

स्वयंपाकघरातून तिची आई शकुंतलाबाई म्हणाल्या, "सेल गेले असन त्याचे. कालपासून उपाशी आहे बिचारं."

अर्ध्या गालाला साबण लावून प्रभाकरराव बाहेर आले. "चोरी झाली काय? दुकानाची किल्ली पाह्य आधी, खुंटीवर आहे का."

बॅग भरत बसलेला सुमीत म्हणाला, "पाडलं काय कोणी? पाडलं असन तर आत्ताच सांगा, मी रडून घेतो."

म्हणजे काय घडलंय ते कोणालाच माहीत नव्हतं. किंवा या घरात कोणीतरी माहीत नसल्याचं फार सुरेख सोंग करत होतं.

२

सुमीत हा प्रेरणाचा मामेभाऊ. कंपनीनं त्याला जपानला पाठवलं, तिथून तो हे यंत्र घेऊन आला आणि सुट्टीपुरतं आत्याच्या घरी टेकला. यंत्रात एकच खेळ होता, तो इंग्रजीत, आणि त्यात मिस्टर बंकल नावाचा डिटेक्टिव्ह होता.

बंकल पूर्वी सर्कशीत होता. खोलीत शिरला की आधी तो फर्निचरची माफी मागायचा. त्याचा मदतनीस एक हंस होता, नाव कर्नल. पुरावा दिसला की कर्नल तो गिळायचा, आणि मग तपास पुढं सरकायला सगळ्यांना निसर्गाची वाट बघावी लागायची. गावचा ठाणेदार 'रक्त' हा शब्द ऐकला की आडवा व्हायचा. आणि टॉबी नावाचा एक पाववाला होता. तो दिसेल त्या गुन्ह्याची कबुली द्यायचा. खून झाला, मीच केला. छत्री हरवली, मीच चोरली. एकदा तर त्यानं भूकंपाची कबुली दिली होती.

दुपारची जेवणं झाली की प्रेरणा हे सगळं वाचून दाखवायची, आणि वाचता वाचता त्याचं वऱ्हाडी करायची. टॉबी म्हणायचा, "मीच मारलं जी त्याले. न्या मले धरून." आणि बंकल म्हणायचा, "बस गा तू चूप. तिकडं पाव जळून राह्यले तुये."

शकुंतलाबाई गहू निवडायचं सोडून ऐकायच्या. प्रभाकररावांचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी या खेळाला पोरखेळ म्हणून टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून बरोबर त्याच वेळेला जेवायला घरी येऊ लागले. ते पेपर आड धरून बसायचे. एकदा पेपर उलटा होता, पण घरच्या कर्त्या माणसाला असलं कोणी सांगत नसतं.

आणि हरिभाऊ. तहसिलीसमोर टाइपरायटर मांडून बसणारे अर्जनवीस. एकटा जीव. त्यांची जागा दाराजवळच्या खुर्चीत. ते नुसते ऐकायचे नाहीत, पात्रांशी भांडायचे. "अरे, त्या बाईले इचार ना, दार आतून कसं लागलं म्हून! हा बंकल एक नंबरचा बोंबल्या आहे. खुर्चीले सॉरी म्हणते आन साक्षीदाराले सोडून देते."

भांडता भांडता एके दिवशी हरिभाऊ पोट धरून खाली बसले ते उठलेच नाहीत. डोळे पिवळे झाले. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं खडे दाखवले आणि सांगितलं, ऑपरेशन करा. पुढच्या वेळी खडा अडकून बसला तर विचारात पडायला वेळ मिळणार नाही. हरिभाऊ आज म्हणत, उद्या म्हणत. शेवटी प्रेरणानंच त्यांना बैठकीत सगळ्यांसमोर कोंडीत धरलं, तेव्हा ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "हा खुनी सापडू दे. खुनी सापडला का दुसऱ्या दिवशी मी सावंगीले भरती. हरिभाऊची जबान आहे."

प्रेरणानं लगेच दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख घेऊन टाकली. सुमीतही त्याच दिवशी यंत्र घेऊन जाणार होता. शेवटचा अध्याय तिनं मुद्दाम दसऱ्याच्या सकाळसाठी राखून ठेवला होता.

तो अध्याय कोणीतरी काल मारला होता.

३

काल खंडेनवमी होती. त्या दिवशी घरातली हत्यारं-अवजारं पूजेला लागतात, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. शकुंतलाबाईंनी पाटावर दुकानातला काटा मांडला, अडकित्ता मांडला, सुऱ्या मांडल्या. हरिभाऊ आपला टाइपरायटर मांडीवरच्या नातवासारखा उचलून घेऊन आले. मग शकुंतलाबाईंनी सुमीतचं यंत्र मागितलं.

"आत्या, हे अवजार नाई, खेळ आहे."

"महिनाभर घर चालते याच्यावर. अवजारच आहे ते. आन इकडं."

त्यांनी प्रत्येक वस्तूला अनामिकेनं हळदीचा आणि कुंकवाचा गोल ठिपका लावला, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. सगळ्यांनी हात जोडले. त्यानंतर यंत्राला हात लावणं म्हणजे देवाच्या ताटातला लाडू उचलणं.

आणि आज सकाळी प्रेरणानं यंत्र उचललं तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. मिटलेल्या झाकणावर हळद, कुंकवाचा उभा टिळा, अक्षता, वर फूल. म्हणून तर तिला उघडेपर्यंत शंका आली नाही.

चुकून पुसलं गेलं असेल म्हणावं, तर तेही शक्य नव्हतं. पहिल्याच दिवशी सुमीतनं सगळ्यांना बसवून बजावलं होतं: हे तीन बटणं एकदम दाबले का खेळ विचारते, सगळं मिटवू काय? हो म्हटलं तर आणखी एकदा विचारते, नक्की काय? दोनदा हो म्हटल्याशिवाय काहीच मिटत नाही. तेव्हा हरिभाऊ म्हणाले होते, "आमच्या तहसिलीपेक्षा बरं आहे. तिथं एकदाबी न इचारता मिटवते."

म्हणजे हे हातून झालेलं नव्हतं. हे केलेलं होतं.

प्रेरणा विचार करत होती तेवढ्यात हरिभाऊ आपट्याची पानं घेऊन दारात आले. प्रभाकररावांनी त्यांना बाहेरच गाठून बातमी दिली, "हरिभाऊ, पोरीच्या यंत्राले काहीतरी झालं म्हणते."

हरिभाऊ खुर्चीत बसले. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अरे देवा! आता पुन्हा पहिल्यापासून! दिवाळी येईन तरी त्या दीपगृहात पोचत नाई आपण. मंग सावंगीची तारीख पुढं ढकला लागन. काय करता, जबान देऊन बसलो मी."

"मी शोधतो काका, कोणी केलं ते," प्रेरणा म्हणाली.

"सोडू नको त्याले," हरिभाऊ म्हणाले. "कोणीबी असो."

४

चौकशीला तिनं माजघर निवडलं. आधी सुमीत.

"यंत्र तुझं. परत न्यायचं तुले. खेळ साफ करून नेला तर विकायले बरा, बरोबर?"

"विकायचा असता तर आत्यानं हळद लावली तेव्हाच मी रडलो असतो. फटीत गेली ना हळद. आता जपान्यानं जरी पाहिलं तरी तो याले प्रसाद समजते."

"काल दुपारी बैठकीत आम्ही कोणी नव्हतो, तेव्हा तू कुठं होता?"

"बैठकीतच. झोपलो होतो."

"पूजेच्या बाजूले? मंग कोण आलतं ते दिसलं असन."

"झोपलो होतो म्हटलं ना. मी काय एक डोळा ड्युटीवर ठेवून झोपतो काय?"

शकुंतलाबाई पोळ्या लाटता लाटता साक्ष देऊ लागल्या आणि साक्ष देता देता उलट तपासणी घेऊ लागल्या. "मी कायले मिटवीन? दुपारी मी मंदिरात गेलती. आन मिटवायचंच असतं तर मी त्या ठाणेदाराले मिटवलं असतं. पगार घेते आन पडून राह्यते. तू काऊन इचारून राह्यली मले? तुह्या बापाले इचार. काल भलत्या वेळी घरी आलते."

हे नवीन होतं.

प्रभाकरराव दाढी उरकून, शर्ट घालून निघायच्या बेतात होते. प्रेरणानं त्यांना दारातच अडवलं.

"बाबा, काल दुपारी तुम्ही घरी आलते?"

"आपलंच घर आहे. येते माणूस."

"कायले आलते?"

"पाणी प्यायले."

"दुकानात माठ आहे."

प्रभाकररावांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीनं मदत केली नाही. प्रेरणाची नजर त्यांच्या शर्टाच्या खिशावर गेली. खिशात पेन होतं, चष्मा होता, आणि त्या दोघांच्या मधून एक बारीक पांढरं टोक डोकावत होतं. तिनं दोन बोटांनी ते ओढून काढलं.

ती यंत्राची काडी होती. पडद्यावर टेकवून खेळायची काडी, जी यंत्राच्या कुशीतल्या खाचेत असायला हवी होती.

बैठकीत हरिभाऊंची खुर्ची करकरली. "प्रभाकरराव," ते हळहळत म्हणाले, "तुम्ही?"

५

"ही काडी तुमच्या खिशात कशी, बाबा?"

प्रभाकररावांनी रिकामा खिसा चाचपला. गुन्हेगार चाचपतो तसाच, फक्त थोडे जास्त लाल होऊन.

"कान," ते शेवटी म्हणाले.

"काय?"

"कान कोरतो मी तिनं. बारीक आहे, गुळगुळीत आहे. अशी काडी साऱ्या वर्धा जिल्ह्यात भेटत नाई. पूजेच्या आधीच काढून ठेवलती. एकदा पूजेत गेली का मंग दिवसभर कान तसाच राह्यला असता. दुपारी ती घरी राह्यलती, म्हून परत आलो."

सुमीतनं काडीकडे बघितलं. ही काडी तो कधीकधी दातात धरायचा. तो उठला आणि मोरीकडे गेला. तिकडून बराच वेळ चुळांचा आवाज येत होता.

प्रेरणा पूजेसमोर जाऊन बसली. कानाची हकीकत खरी वाटत होती, कारण इतकी लाजिरवाणी खोटी हकीकत कोणी बनवत नाही. पण खरं वाटणं हा पुरावा नव्हे. तिनं यंत्र पुन्हा पाटावर ठेवलं, काट्याच्या आणि टाइपरायटरच्या मधोमध, काल होतं तसं.

आणि मग ती हसली.

"आई, जरा इकडं ये. सगळेच या."

सगळे आले. सुमीत तोंड पुसत आला. प्रेरणा उभी राहिली, आणि बंकलचा एवढा महिना गेल्यावर जे व्हायचं तेच झालं, ती पाटाला म्हणाली, "माफ करजो बाप्पा." मग तिनं बोट दाखवलं.

"काटा पाहा. गोल ठिपका. अडकित्ता, गोल ठिपका. टाइपरायटर, गोल ठिपका. आई बोट टेकवते आन उचलते. आता यंत्र पाहा. उभा टिळा. अंगठ्यानं खालून वर ओढलेला, माणसाच्या कपाळाले लावते तसा. आईनं लावलेला हा नाईच. आईचा पुसला गेला. यंत्र हातात घेऊन तीन बटणं दाबताना कोणाच्या तरी तळव्याले लागून गेला. मंग त्या माणसानं काम उरकून यंत्र मिटलं, हळद लावली, टिळा लावला, अक्षता टाकल्या, फूल ठेवलं."

"म्हणजे पुन्हा पूजा केली?" शकुंतलाबाई थोड्या खूश झाल्या.

"हो. चोरी लपवायची असती तर एक फूल ठेवलं तरी भागलं असतं. या माणसानं पूर्ण पूजा केली, कारण पूजेतल्या वस्तूले हात लावला याचा त्याले धाक वाटला. आता सुमीत. सुमीत परवा देवघरासमोर पाय पसरून झोपलता."

"पंखा तिकडंच आहे," सुमीत म्हणाला.

"सुमीत सुटला. आईचा ठिपका गोल, आई सुटली. राह्यले दोन माणसं, ज्यांचा हात पूजेशिवाय पूजेच्या वस्तूले लागत नाई. बाबा आन हरिभाऊ काका."

"मी?" हरिभाऊ म्हणाले. "मलेच तर पायजे होता तो खुनी! मी तर रोज भांडत होतो त्याच्यासाठी!"

"म्हूनच मी तुमचं नाव शेवटी घेतलं काका. पण सकाळी मी घरच्यांले एवढंच इचारलं, यंत्राले कोणी हात लावला. काय झालं ते तुम्ही येईपर्यंत मी कोणाले सांगितलं नाई. आईले वाटलं सेल गेले. बाबाले वाटलं चोरी झाली. सुमीतले वाटलं पडलं. बाबानं तुम्हाले सांगितलं, यंत्राले काहीतरी झालं. आन तुम्ही बसल्या बसल्या म्हणाले, आता पुन्हा पहिल्यापासून. तुम्हाले कसं समजलं, पहिल्यापासून म्हून?"

हरिभाऊ हातातली आपट्याची पानं एकेक करून सारखी करू लागले.

६

"मी आलतो टाइपरायटर पाहाले," हरिभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजातला वकिली तोरा गेला होता. "एकटा ठेवलता ना सकाळपर्यंत. सुमीत झोपला होता. यंत्र समोर होतं. पहिल्यांदा इचारलं त्यानं, मिटवू काय. मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा इचारलं, नक्की काय. तेव्हा जरा थांबलो मी."

"कायले केलं पण काका?"

"भूल देते ना तिथं. उलटे आकडे मोजाले लावते." हरिभाऊंनी पानं मांडीवर ठेवली. "नागपूरले तुह्या काकूले नेलं तेव्हा मी दाराशी होतो. दार उघडंच होतं. ती दहा म्हणाली. नऊ म्हणाली. आठची मी आजपर्यंत वाट पाहून राह्यलो."

शकुंतलाबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रभाकररावांना पेपर आड धरायची फार गरज वाटली, पण आजचा पेपर अजून आला नव्हता.

प्रेरणाला वाटलं, शहाणपणाचं काहीतरी बोलावं. विज्ञानाच्या बाईला आकडेवारी येते, पण आठवर अडकलेल्या माणसाला टक्केवारी सांगून उपयोग नसतो. ती त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसली.

"मी येतो तुमच्यासंगं. दारात उभी राह्यतो. भूल देताना तुम्हाले जमन तेवढे आकडे म्हणा, पुढचे मी म्हणतो. एकपर्यंत. जोरानं. डॉक्टर हाकलन तरी म्हणतो."

हरिभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. एक क्षण त्यांचा चेहरा तयार झाल्यासारखा दिसला. मग त्यातला अर्जनवीस जागा झाला.

"येतो मी, नाई कुठं म्हणतो. पण जबान जबान असते बेटा. खुनी सापडला का भरती. आता खुनीच सापडाचा राह्यला, त्याले हरिभाऊ काय करन?"

तेव्हा सुमीत म्हणाला, "खुनी टॉबी आहे."

सगळे त्याच्याकडे वळले.

"पाववाला. त्यानंच मारलं. रोज खरं सांगून राह्यला होता बिचारा, पण बाकीच्या कबुल्या खोट्या, म्हून याच कबुलीकडं कोणी पाह्यलं नाई. मी जपानमध्येच संपवलाय हा खेळ. दोनदा."

"मंग महिनाभर सांगितलं काऊन नाई?" प्रेरणा किंचाळली. आज सुट्टी होती तरी.

"कोणी इचारलंच नाई मले. तुम्ही सगळे मजेत होते."

हरिभाऊंनी कानांवर हात ठेवले होते, पण उशिरा. खुनी सापडला होता. साक्षीदार चार होते. ते उठले, सगळ्यांना सोनं वाटलं, पाटावरचा टाइपरायटर उचलला आणि घरी गेले.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून टकटक सुरू झाली. शकुंतलाबाई म्हणाल्या, मृत्युपत्र करून राह्यले वाटते. प्रभाकरराव म्हणाले, नाई, मृत्युपत्राले ते एवढं जोरात ठोकत नाई.

पुरणपोळीच्या वेळेला हरिभाऊ आले. धुतलेलं धोतर, हातात भरलेली पिशवी, पिशवीत टॉवेल आणि तांब्या. उद्याची तयारी झाली होती. त्यांनी कोर्टफीचं तिकीट लावलेला कागद प्रेरणाच्या हातात दिला. "हा उद्या सावंगीले पोचल्यावर मोठ्या डॉक्टरले देजो. मंजूर झाला तर ठीक. नाई झाला तर तू दारात उभी राह्यजो."

कागदावर असं होतं:

प्रति,
मा. मुख्य शल्यचिकित्सक साहेब, मुक्काम सावंगी (मेघे).

अर्जदार : हरिभाऊ डेहनकर, धंदा अर्जनवीस, राहणार देवळी.

विषय : शस्त्रक्रियेच्या वेळी हजर राहण्यापासून सूट मिळणेबाबत.

महोदय,

अर्जदाराच्या पित्ताशयात खडे आहेत, हे अर्जदारास मान्य आहे. सदर खडे काढून टाकण्यास अर्जदाराची कोणतीही हरकत नाही. तथापि खडे काढतेवेळी अर्जदाराने जातीने हजर असलेच पाहिजे, असा नियम अर्जदाराच्या पाहण्यात आलेला नाही. पक्षकार गैरहजर असताना लागलेले अनेक निकाल अर्जदाराने स्वतः टाइप केलेले असून ते पुढे कायमही झालेले आहेत.

सबब नम्र विनंती की, सदर शस्त्रक्रिया नेमलेल्या तारखेस अर्जदाराच्या गैरहजेरीत एकतर्फी उरकण्यात यावी, व निकालाची प्रत, खड्यांसह, अर्जदाराच्या देवळी येथील पत्त्यावर टपालाने पाठवण्यात यावी.

करिता अर्ज सादर.